बत्तीसवर थांबणारी भिंत

दोह्यातल्या मदिनत खलीफाच्या बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, अबूबकरने काउंटरवर लबनच्या चौदा बाटल्या मांडल्या, तेव्हा गल्ल्यावरच्या मल्याळी माणसाने विचारलं, "शादी है क्या, भाई?"

"नहीं. दीवार को पिलाना है," अबूबकर म्हणाला.

तो माणूस हसला, अबूबकरही हसला. पण थट्टा म्हणावी तर ती थट्टा नव्हती. लबन म्हणजे आपलं ताकच, जरा दाट. जिवंत शेवाळ त्यात घुसळायचं, चिमूटभर साखर घालायची, ब्रशने भिंतीला फासायचं आणि सावली नि ओल देत बसायचं. शेवाळ भिंतीला धरतं आणि कोरी भिंत मखमलीसारखी हिरवी होते. थंड, पावसाळी देशांत लोक हौसेने असलं करतात. ज्या मुलखात पिळलेला टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत अर्धा वाळतो, तिथे हे सुचायला माणूस एसीतच बसलेला असावा लागतो. तसा एक आर्किटेक्ट वेस्ट बेमध्ये बसलेला होता. त्याने समैस्माच्या किनाऱ्यावरच्या नव्या गेस्ट हाऊसच्या लांबलचक कुंपणभिंतीवर कागदावर हिरवा रंग मारला, आणि ती भिंत अबूबकरच्या गळ्यात आली.

वर्ल्ड कपला दोन महिने राहिले होते. सगळं दोहा रंग लावून, पडदे सोडून तयार होत होतं.

अबूबकर रत्नागिरीकडचा, बागकामाच्या कंपनीत सुपरवायझर. त्याचे साहेब, नाशिकचे विजय सर, माणूस वाईट नव्हते. पण हॉलंडहून आलेलं महागाचं शेवाळ चार दिवसांत जळून तपकिरी पूड झालं, तेव्हा त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

"अबू, वीस ऑक्टोबरला क्लायंटचं इन्स्पेक्शन आहे. मला वॉल हिरवी पाहिजे. नाही झाली तर ऑफिस तुझं नाव लिस्टमध्ये टाकणार. व्हिसा कॅन्सल, खलास. माझ्या हातात काही नाही रे."

नोकरी जाण्याची अबूबकरला तेवढी भीती नव्हती. पण बायको आणि पोरगी त्याच्या व्हिसावर इथे होत्या. लग्नानंतरची सहा वर्षं त्याने कामगारांच्या कॅम्पात काढली होती. हानिया गावी जन्मली, आणि चार वर्षांची होईपर्यंत बाप म्हणजे तिच्या लेखी मोबाइल होता. विमानतळावर पहिल्यांदा समोर आली, तेव्हा तिने त्याच्या गालावरून बोट सरकवलं होतं, स्क्रीनवरून सरकवतात तसं. त्या बोटाने अबूबकर असा ढसाढसा रडला होता, की सिक्युरिटीवाल्याने पाणी आणून दिलं. आता ती सात वर्षांची होती, इंग्लिश शाळेत जात होती, त्याला डॅडी म्हणत होती. हे परत मोबाइलमध्ये जाऊ द्यायचं नाही, काय वाटेल ते झालं तरी नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी त्याने गावी धाकट्या भावाला, रहमानला, फोन लावला.

"शेवाळ पाठव. पाऊस हाय अजून, भरपूर असेल. एकजण येतोय शुक्रवारी, त्याच्या बॅगेत दे."

"कुंपणाच्या गडग्यावरचं काढतो, भाई."

"गडग्यावरचं पातळ. ते इथे टिकायचं नाय. जाड हवं, गादीसारखं दाट..." अबूबकर थांबला. कुठलं शेवाळ सगळ्यात जाड, हे त्याला फोन लावायच्या आधीपासून माहीत होतं. "अम्मीच्या कबरीवरचं काढ."

पलीकडे नुसता पागोळ्यांचा आवाज येत राहिला.

"भाई... तां बरां नाय. अम्मीच सांगायची ना."

सांगायची खरं. लहानपणी कब्रस्तानाच्या जांभ्याच्या भिंतीवरून गवत उपटलं, की अम्मी पाठीत धपाटा घालायची. कबरीवरची हिरवळ काढू नये. ती अल्लाचं नाव घेत असते, खालच्या माणसाच्या वतीने. तोवर खालच्याला गारवा असतो. ती वाळली तर वाळली, पण जिवंत असताना हात लावायचा नाही.

"परत उगवेल," अबूबकर म्हणाला. "एका पावसात उगवेल. माझं घर मोडायची वेळ आलीय, रहमान. अम्मी असती तर तिने स्वतःच्या हाताने काढून दिलं असतं."

आईच्या नावावर माणूस काय काय खपवतो! ती गेली तेव्हा कोरोनामुळे सगळी विमानं बंद होती. तिच्या कबरीवर मूठभर माती टाकायलाही हा नव्हता, आणि आता पहिल्यांदा काही मागितलं ते हे.

शुक्रवारी शेवाळ आलं. केळीच्या पानात, वर ओलं फडकं गुंडाळलेलं. प्रवासात एक दिवस गेला होता, तरी ते आत्ताच खरवडल्यासारखं होतं. पुडी सोडली तशी ओल्या जांभ्याचा वास घरभर झाला. त्या वासात आणखीही एक वास होता, थोडासा कापराचा. खतिजाने स्वयंपाकघरातून विचारलं, "कुठलं हो हे?"

"गडग्यावरचं," तो म्हणाला.

साइटवरचा मिक्सर बंद पडला होता, म्हणून त्याने ते घरच्याच मिक्सरमध्ये लबनबरोबर फिरवलं. हिरवीगार दाट गिळगिळीत खीर झाली. तो बादली आणायला बाल्कनीत गेला आणि परत आला, तर हानिया ओट्यापाशी उभी होती. बोट तोंडात, ओठांवर हिरवी मिशी.

"इट्स लाइक मिंट लबन," ती म्हणाली. "बट सॅड."

"थूक! थूक आधी!" त्याने तिला बेसिनपाशी नेऊन चूळ भरायला लावली. एवढंसं बोट चाटलं, त्याने काय होतंय, असं मनाशी म्हणाला आणि खतिजाला त्यातलं काही सांगितलं नाही.

सूर्य कलताना त्याने समैस्माच्या भिंतीला पहिला हात मारला. वर सावलीचं कापड ताणलेलं, बारीक फवारे लावलेले. अख्ख्या भिंतीला पुरेल एवढा माल नव्हताच. मधला एक पट्टा तेवढा भरला. नमुना म्हणून दाखवू, असा त्याचा हिशेब होता.

चौथ्या दिवशी पट्टा हिरवा झाला. सातव्या दिवशी हिरवा रंग पट्ट्याबाहेर पडला. जिथे ब्रश लागलाच नव्हता तिथे, कोऱ्या सिमेंटवर, रोज हात-दीड हात. अकराव्या दिवशी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली. बाहेर चाळीस डिग्री होते. विजय सरांनी भिंतीवरून तळहात फिरवला आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"अबू, यू आर अ जीनियस! फक्त तेवढा पॅच भरून टाक. मग यल्ला, चलो, पार्टी माझ्याकडून."

पॅच भिंतीच्या मधोमध होता, गुडघ्याच्या उंचीवर. लांबट, आडवा, कोरा. अबूबकरने उरलेलं शेवाळ तिथे तीनदा लावलं. तिन्ही वेळा तासाभरात त्याची राख होऊन खाली पडली. फवाऱ्याचं पाणी भिंतीवरून ओघळताना त्या जागेपाशी यायचं आणि तिला वळसा घालून जायचं.

दुसऱ्या दिवशी फजरची, पहाटेची नमाज आटोपून तो एकटाच साइटवर आला. समुद्रावरून दाट धुकं आलं होतं. फवारे अजून सुरू व्हायचे होते, तरी भिंत निथळत होती. ओल्या जांभ्याचा वास इतका दाट होता, की क्षणभर तो कुठल्या देशात उभा आहे हेच त्याला कळेना. आणि तेव्हा त्याला ते ऐकू आलं.

आधी वाटलं, कुठेतरी पाइप गळतोय. मग वाटलं, पलीकडे कुणी कुजबुजतंय. पलीकडे वाळू आणि समुद्र सोडून काही नव्हतं. त्याने कान भिंतीला लावला. शेवाळ गालाला थंडगार लागलं.

"...एकोणतीस... तीस... एकतीस... बत्तीस..."

थांबलं. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, अगदी हळू, "एक... दोन..."

अम्मी नमाजनंतर बोटांच्या पेरांवर तस्बीह, म्हणजे अल्लाच्या नावाचा जप, मोजायची. तेहतीस वेळा. म्हातारपणी आकडा विसरायला लागली, तेव्हा अल्लाचं नाव मनात आणि आकडा ओठांवर, अशी सवय तिने लावून घेतली होती. ती गेली त्या पहाटेचं रहमानने फोनवर सांगितलेलं त्याला लख्ख आठवलं. 'बत्तीसपर्यंत ओठ हलत होते, भाई. मग थांबले.'

"अम्मी?" तो भिंतीला म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

मोजणं थांबलं. भिंतीच्या आत कुणीतरी ऐकत असावं, तसं थांबलं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

तो घरी आला तेव्हा खतिजा दारातच उभी होती. हानियाला सणसणून ताप भरला होता. डॉक्टरांनी व्हायरल म्हणून औषध दिलं. ताप उतरेना. तीन दिवस पोर कूस बदलेना, उजव्या कुशीवरच पडून, गुडघे किंचित मुडपून. ओठ सारखे हलत होते. अबूबकरने कान जवळ नेला.

"...थर्टी... थर्टी-वन... थर्टी-टू..."

"हानिया, काय मोजतेस बाळा?"

तिने डोळे उघडले. "आय अॅम नॉट काउंटिंग, डॅडी. दादी इज. शी फर्गेट्स, सो आय हेल्प."

"कोण दादी? कुठे?"

"शी इज सो हॉट, डॅडी. समबडी टुक हर ब्लँकेट."

खतिजाने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. नऊ वर्षांचा संसार, त्यातली सहा वर्षं फोनवर झालेली. तिला नवऱ्याचा चेहरा वाचायला उजेड लागत नसे.

"ते शेवाळ कुठलं होतं?"

तो हानियाच्या अंगावरची चादर सारखी करू लागला.

"अवो, कुठलं होतं ते? माझ्या मिक्सरात काय वाटलंत तुम्ही?"

त्याने सांगितलं. पोरीने बोट चाटलं होतं, तेही सांगितलं. खतिजा ओरडली नाही. मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. तसं रडणं त्याने फक्त मयताच्या घरी ऐकलं होतं.

त्याच दुपारी रहमानचा फोन आला. तो कब्रस्तानातूनच बोलत होता. "भाई, परतीचा पाऊस धो धो पडून गेला. सगळीकडे गुडघाभर रान माजलंय. फक्त अम्मीची कबर... भाई, उघडी पडलीय. एक काडी उगवत नाय. आणि हात लावला तर तापलेली लागते. भर पावसात तापलेली."

अबूबकर उठला. शाळेत द्यायला म्हणून खतिजाने दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने हानियाच्या उंचीची खूण केली होती. त्या खुणेएवढी दोरी त्याने कापली, खिशात घातली आणि समैस्माला गेला. भर उन्हात भिंतीसमोर गुडघ्यांवर बसून त्याने दोरी त्या कोऱ्या जागेला लावली.

दोरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरोबर बसली. आता जवळून पाहताना त्याला आकारही कळला. डोकं, खांदा, किंचित मुडपलेले गुडघे. उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला. माणसाला कबरीत ठेवतात तसं.

त्या दिवशी एकोणीस तारीख होती. इन्स्पेक्शन दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. अठरा तास गप्प बसायचं, एवढंच काम होतं. भिंत पास झाली असती, नोकरी राहिली असती, बायको-पोरगी इथेच राहिल्या असत्या. तो खरोखर एवढा विचार करत तिथे बसला, हेही सांगायला हवं. ज्याच्यासाठी माणूस पाप करतो ते हातात आल्यावर सोडून देणं सोपं नसतं. त्याने दोरीकडे पाहिलं. मग उठून गाडीतून लांबी भरायची पत्र्याची पट्टी आणली आणि भिंत खरवडायला सुरुवात केली.

शेवाळ सुटताना आवाज करत होतं. ओलं कापड फाडावं तसा. तो वेड्यासारखा खरवडत होता आणि मोठमोठ्याने माफी मागत होता, अम्मीची, अल्लाची, पोरीची. विजय सर आले तेव्हा अर्धी भिंत उघडी झाली होती.

"अबू! वेडा झालास का? उद्या इन्स्पेक्शन आहे!"

"माझं नाही हे शेवाळ, सर."

"मग कुणाचं आहे?"

तो खरवडत राहिला. सरांनी त्याचा दंड धरला, आणि लगेच सोडला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मान तिरकी केली, काहीतरी ऐकत असल्यासारखी. मग ते गाडीकडे चालत गेले. संध्याकाळी ऑफिसचा मेल आला. त्यात काय असणार होतं ते अबूबकरला माहीत होतं.

खतिजा आणि हानिया दुसऱ्या दिवशीच्या विमानाने निघाल्या. कबरीवर परत घालायचं म्हणून शेवाळ केळीच्या पानातच बांधलं, मिळाली तेवढी पानं शोधून आणून. विमानतळावर हानिया त्याच्या खांद्यावर निखाऱ्यासारखी तापलेली होती. आत जाताना तिने हात पुढे केला आणि त्याच्या गालावरून बोट सरकवलं. जुन्या सवयीने असेल. अबूबकर काचेच्या अलीकडे कितीतरी वेळ उभा राहिला. कागदपत्रं आटोपेपर्यंत त्याला इथेच थांबायचं होतं.

चौथ्या पहाटे तो समैस्माला गेला, फाटकाची किल्ली परत द्यायला आणि शिडी न्यायला. धुकं होतं. फवारे कधीच काढून नेले होते, पाणी बंद होतं. धुक्यातून भिंत दिसली, कोरडी, वाळूच्या रंगाची, साधी. ती तशी साधी पाहून त्याला रडू आलं. तेवढ्यात खतिजाचा फोन आला.

"अवो, झालं हो सगळं!" किती दिवसांनी तिचा आवाज मोकळा होता. "काल दुपारी असरच्या नमाजनंतर रहमानभावजींनी शेवाळ अंथरलं. रात्रीत धरलं बघा, अख्खी कबर हिरवी झाली. आणि हानियाचा ताप उतरला. पहाटेपासून अंग कसं गार गार लागतंय. शांत झोपलीय पोर."

"अल्हम्दुलिल्ला," अबूबकर म्हणाला. तो भिंतीपाशी खाली बसला आणि तिला हात टेकला.

हात ओला झाला.

त्याने हाताकडे पाहिलं. सबंध कोरड्या भिंतीवर एकच जागा हिरवी होती. गुडघ्याच्या उंचीवर, लांबट, आडवी. इतके दिवस जिथे काहीच उगवत नव्हतं तिथे आता कोवळं, दाट, पोपटी शेवाळ होतं. डोकं, खांदा, मुडपलेले गुडघे.

"खतिजा," तो कसाबसा म्हणाला, "तिला उठव."

"झोपू दे की हो. आत्ता कुठे... थांबा, पुटपुटतेय काहीतरी. ऐका, फोन तिच्या तोंडाशी धरते."

फोनमधून अगदी बारीक श्वास आला. मग त्याच्या लेकीचा आवाज, झोपेतला, दुरून येणारा.

"...थर्टी... थर्टी-वन... थर्टी-टू..."

"गप्प झाली," खतिजा हसत म्हणाली. "बघा, बत्तीसवर थांबली."

अबूबकर फोन कानाशी घट्ट दाबून बसून राहिला. पलीकडून काही येईना. समुद्राचाही आवाज थांबला होता. हाताखालचं शेवाळ हळूच वर उचललं गेलं आणि खाली बसलं, झोपलेल्या मुलाची पाठ वरखाली होते तसं.

आणि भिंतीतून, स्वच्छ, शाळेत शिकवतात तशा इंग्रजीत, हानिया म्हणाली, "थर्टी-थ्री."